उन्हात तापलेलं काडतूस

ठासणीच्या बंदुकीच्या काळात शिकाऱ्याला हवेची एकच धास्ती होती : दारू सादळण्याची. रंजक (बार पेटवणारी कानातली दारू) ओली झाली की बार फुसका जायचा आणि सांबर निघून जायचं. पितळी काडतुसांनी ती धास्ती मिटवली, पण सवय गेली नाही. नेम चुकला की आजही दमट हवेला बोल लावला जातो. वास्तविक पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी, त्यामुळे दमट हवेत गोळीला विरोध झालाच तर किंचित कमी होतो.

खरा घोळ बिनधुराच्या दारूने घातला. ब्रिटिशांचं .303 काडतूस 1888 मध्ये आलं ते काळ्या दारूवर. 1891 पासून त्यात कॉर्डाइट ही बिनधुराची दारू भरू लागले. पहिल्या कॉर्डाइटमध्ये 58 टक्के नायट्रोग्लिसरीन होतं. दारू जितकी तापलेली तितकी ती झपाट्याने जळते आणि काडतुसातला दाब चढतो. इंग्लंडात पंधरा-सोळा अंशांत नेम जुळवलेली रायफल एप्रिल-मेमध्ये चांदा जिल्ह्यातल्या पाणवठ्यावर आली, की पट्ट्यातली काडतुसं चाळिशीच्या वर तापलेली. मग रिकामं टरफल नळीत अडकून बसायचं आणि दुनळीचे दोन बार एका जागी पडेनासे व्हायचे.

यावर बंदूकवाल्यांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘ट्रॉपिकल लोड’, आणि या शब्दाने पुढच्या पिढ्यांना चांगलंच चकवलं. नाव ऐकून वाटतं, मोठ्या जनावरांसाठी जादा ताकदीचं काडतूस असेल. होतं उलटं : त्यात कॉर्डाइट काही ग्रेन (दारू-गोळी तोलायचं बारीक वजन) कमीच असायचं, उरलेली कसर उष्णता भरून काढेल या हिशेबाने. मे महिन्यात हिशेब बरोबर बसे. तेच काडतूस डिसेंबरच्या पहाटे मचाणावर वापरलं की मात्र गोळी मंद जायची. त्या काळच्या दुनळीच्या नळ्या उतरवून खालची बाजू पाहिली तर कॉर्डाइट किती ग्रेन आणि गोळी किती ग्रेन हे कोरलेलं सापडतं. कोणत्या तापमानाला, ते तिथे नसतं. माझ्या मते मेख तिथेच आहे. 1911 चं .416 हे काडतूस अधिक शहाणं म्हणावं लागेल : दारू कमी करण्याऐवजी टरफलच ऐसपैस केलं, म्हणजे दाब मुळातच बेताचा.

1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर आपल्याकडे ही चर्चा संपली. अमेरिकेत ती जोरात आहे, कारण तिथे ऑगस्टच्या उन्हात रायफल जुळवतात आणि हरणामागे निघतात नोव्हेंबरच्या बर्फात. तापमानाने फारशा न बिथरणाऱ्या दारू तिथे आता सर्रास मिळतात, आणि जाहिराती त्यावरच चालतात. घन हवा गोळीला जास्त अडवते हेही खरं : उणे 20 अंशांची हवा 30 अंशांच्या हवेपेक्षा जवळपास 20 टक्के जास्त घन असते, उलट कोलोरॅडोत अडीच हजार मीटरवर ती समुद्रसपाटीच्या जेमतेम 78 टक्के भरते. पण हे फरक चारशे यार्डांपलीकडे जाणवतात. गोळीचा वेग सेकंदाला 100 फुटांनी घटला तरी 200 यार्डांवर ती इंचभरही खाली जात नाही, आणि बहुतेक हरणं त्याहून जवळच पडतात. आडवा वारा मात्र तेवढ्यातही गोळी दोन-तीन इंच सरकवतो. नाहीतर गोठलेलं वंगण घोडा आळसावून टाकतं, काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणाऱ्या टोपीवर ठोका हलका पडतो, आणि बार पुन्हा फुसका.