कॅसेट घेऊन दुकानात येण्याआधी एवढं वाचा

माळ्यावरून काढलेली जुनी कॅसेट "चालते का बघू" म्हणून घरच्या टेपमध्ये घालू नका. बरीच वर्षं बंद असलेल्या टेपचा बेल्ट सैल झालेला असतो, रबरी रोलर चिकट झालेला असतो. तो फीत आत ओढून गुंडाळतो आणि चुरगळलेली फीत पूर्ववत होत नाही. कॅसेट आहे तशीच आणा, आम्ही तिचा आवाज संगणकावर उतरवून देतो.

आपल्याकडे कॅसेट खराब होते ती दोन कारणांनी. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. तेव्हा पत्र्याखाली ठेवलेल्या कॅसेटचं खोकं वाकतं, आतली फीत दाबून धरणारी नमद्याची गादी सुटते आणि आवाज दबका येतो. दुसरं कारण कूलर. कूलरशेजारच्या कपाटात ओल धरते, फितीच्या कडेला पांढरी बुरशी येते. ती कॅसेटच्या खिडकीतून दिसते. अशी फीत आम्ही आधी स्वच्छ करतो, गरज पडली तर नव्या खोक्यात बसवतो.

कुठली कॅसेट आधी आणायची? घरात भरलेली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हटलेली गाणी, कानबाईच्या रात्रीची गाणी, आजोबांचं भजन, "हाऊ मनी मायना आवाज शे" (हा माझ्या आईचा आवाज आहे) असं ज्याबद्दल सांगाल ते सगळं. याची दुसरी प्रत जगात कुठेच नाही. सिनेमाच्या विकतच्या कॅसेटवर मात्र पैसे घालवू नका, त्यातली बहुतेक गाणी फोनवर मिळतात. आमचा धंदा कमी होईल, होऊ द्या. वर काहीच लिहिलेलं नाही अशा कॅसेट फेकू नका. खरा ऐवज बहुधा त्यांतच निघतो.

60 मिनिटांची कॅसेट उतरवायला 60 मिनिटंच लागतात. त्याआधी हेडचा, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाचा, कोन त्या कॅसेटप्रमाणे जुळवावा लागतो, तेव्हा वीस कॅसेट "संध्याकाळपर्यंत द्या" म्हणू नका. लाइट गेल्यावर उतरलेल्या सेलवर भरलेली कॅसेट आता ऐकली की आवाज चिरका आणि घाईघाईचा येतो, कारण भरताना मोटर हळू फिरत होती. तो वेग संगणकावर दुरुस्त होतो. खरखर मात्र आम्ही बेतानंच काढतो. फार घासली की माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. मागे कोंबडा आरवला असेल तर तो राहू देतो.

तुम्हाला दोन प्रती मिळतील: सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल, तासाला साधारण 635 एमबी, आणि फोनसाठी एमपी३, तासाला सुमारे 144 एमबी. एक पेनड्राइव्ह घरी ठेवा, दुसरा नातेवाइकांकडे. मूळ कॅसेटही जपा.

तबकड्या उभ्या ठेवा. 78 वेगाच्या (मिनिटाला 78 फेरे) जुन्या लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, लाख त्यात विरघळते. तिची सुईही वेगळी, रुंद असते. एलपीची (प्लॅस्टिकच्या तबकडीची) सुई तिच्यावर चालवू नका.

आता स्टिरिओ. सगळं नवीन घ्यायची घाई नको. जुना अ‍ॅम्प्लिफायर बहुतेक वेळा कपॅसिटर बदलून सुधारतो. उन्हाळ्यांनी स्पीकरच्या कडेचा फोम भुगा झाला असेल तर नवी कडा बसते, अख्खा स्पीकर बदलावा लागत नाही. तरीही खर्च करायचाच असेल तर तो आधी स्पीकरवर करा, फरक तिथंच ऐकू येतो. मात्र अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे 8 ओहम लिहिलं असेल तर त्याला 4 ओहमचे स्पीकर जोडू नका, तो तापतो. फोनवरची गाणी वाजवायला ब्लूटूथ रिसीव्हर 'ऑक्स'मध्ये लावा. 'फोनो'मध्ये, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरच्या जागेत, लावलात तर आवाज फाटेल. उलट रेकॉर्ड प्लेयर थेट 'ऑक्स'ला जोडला तर आवाज अगदी बारीक येतो, मध्ये आवाज वाढवणारा फोनो प्रीअ‍ॅम्प लागतो. आणि सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल तर आधी कूलर त्याच बोर्डावर आहे का ते बघा. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात.

येताना, ज्या टेपरेकॉर्डरवर भरलं होतं तो घरात असेल तर बंद पडलेला असला तरी सोबत आणा. त्याचा हेड किती कलला होता ते बघून तुमच्या कॅसेटचा आवाज जुळवणं सोपं जातं.