ब्रिटिश पंकवरील अमेरिकी ग्लॅम व आद्य-पंक बँडांचा प्रभाव

ब्रिटनमध्ये १९७५ ते १९७७ या काळात उभ्या राहिलेल्या पंक, म्हणजे साध्या, कर्कश व बंडखोर रॉक संगीताची बरीचशी सामग्री अमेरिकेतून आली होती. डेट्रॉइट व अ‍ॅन आर्बर परिसरातील एमसी५ आणि द स्टूजेस, तसेच न्यू यॉर्कमधील न्यू यॉर्क डॉल्स हे या प्रवाहाचे मुख्य उगम मानले जातात. पंकच्या आधी, पण त्याच वृत्तीने वाजवणाऱ्या अशा बँडांना ‘आद्य-पंक’ म्हटले जाते.

स्टूजेसचे संगीत दोन-तीन कॉर्डांची (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांची) अखंड आवर्तने, फाटलेला गिटारचा सूर आणि इगी पॉप या गायकाने रंगमंचावर स्वतःच्या अंगाची पर्वा न करता केलेली उधळण यांवर उभे होते. त्यांच्या ‘रॉ पॉवर’ या तिसऱ्या अल्बमचे ध्वनिमुद्रण १९७२ मध्ये लंडनमध्येच झाले आणि त्याचे ध्वनिमिश्रण ब्रिटिश ग्लॅमचा, म्हणजे भडक वेश व रंगरंगोटी करून सादर होणाऱ्या रॉकचा अग्रणी डेव्हिड बोवी याने केले. त्या वर्षीच्या जुलैत किंग्ज क्रॉस भागातील एका चित्रपटगृहात हा बँड वाजला. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अल्बम फारसा खपला नाही, परंतु पुढे सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडचा गिटारवादक झालेला स्टीव्ह जोन्स ज्या मोजक्या तबकड्यांबरोबर वाजवत गिटार शिकला, त्यांत तो होता.

न्यू यॉर्क डॉल्सचा प्रभाव अधिक थेट होता. उंच टाचांचे बूट, लिपस्टिक, बायकांचे झगझगीत कपडे असा त्यांचा वेश ग्लॅमचा होता; पण बोवी किंवा रॉक्सी म्युझिक हा ब्रिटिश बँड यांच्याकडचा रेखीवपणा त्यात नव्हता आणि संगीत तर मुद्दाम सैल सोडल्यासारखे वाजत असे. नोव्हेंबर १९७३ मध्ये बीबीसीच्या ‘ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट’ या कार्यक्रमात ते वाजले, तेव्हा सूत्रसंचालक बॉब हॅरिसने त्यांची ‘मॉक रॉक’, म्हणजे रॉकची नक्कल, अशी बोळवण केली. तांत्रिक कौशल्याला सर्वोच्च मानणाऱ्या तत्कालीन अभिरुचीला डॉल्स नकली वाटले, तर घरी दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या काही किशोरांना तेच संगीत आपल्याला जमण्यासारखे वाटले. या विषयाचे मर्म या दोन प्रतिक्रियांमधील अंतरात आहे. पुढे द स्मिथ्सचा गायक झालेला मॉरिसी तेव्हा मँचेस्टरमधील शाळकरी मुलगा होता. त्याने नंतर डॉल्सच्या ब्रिटनमधील चाहता मंडळाचे काम पाहिले.

लंडनच्या किंग्ज रोडवर ४३० क्रमांकाचे कपड्यांचे दुकान चालवणारा माल्कम मॅकलॅरन हा या देवाणघेवाणीतील प्रमुख दुवा होय. १९७५ च्या आरंभी त्याने डॉल्सच्या व्यवस्थापनाची सूत्रे हाती घेऊन त्यांना लाल पेटंट लेदरचे कपडे चढवले आणि मागे विळा-हातोड्याचा झेंडा लावला. प्रयोग फसला आणि बँड विस्कटला. मात्र त्या काळात मॅकलॅरनने न्यू यॉर्कमध्ये रिचर्ड हेल या गायकाला पाहिले होते. हेलचे कसेही कापलेले, ताठ उभे केस आणि फाटका शर्ट लवकरच लंडनमध्ये पंकचा गणवेश झाले. डॉल्सचा गिटारवादक सिल्व्हेन सिल्व्हेन याची पांढरी गिब्सन लेस पॉल गिटारही मॅकलॅरनबरोबर लंडनला आली आणि ती स्टीव्ह जोन्सच्या गळ्यात पडली. ऑगस्ट १९७५ मध्ये जॉन लायडनची सेक्स पिस्टल्सचा गायक म्हणून चाचणी झाली, तीही त्याच दुकानातील ज्यूकबॉक्सवर लागलेल्या अ‍ॅलिस कूपर या अमेरिकी ग्लॅम गायकाच्या गाण्याबरोबर.

यानंतर वेगाची भर पडली ती न्यू यॉर्कच्या रमोन्स या बँडमुळे. एप्रिल १९७६ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात. ४ जुलै १९७६ रोजी ते लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजले. द क्लॅश या लंडनच्या पंक बँडचा पॉल सिमनन या अल्बमच्या साथीने बेस गिटार शिकला. लंडनचाच द डॅम्ड व द क्लॅश या बँडांच्या सुरुवातीच्या गाण्यांची धाव रमोन्सच्या जवळची आहे, तर तुलनेने संथ व भरदार वाजणारे सेक्स पिस्टल्स डॉल्स आणि स्टूजेस यांच्याशी नाते सांगतात. स्टूजेसचे ‘नो फन’ हे गीत सेक्स पिस्टल्सने, तर ‘१९७०’ हे गीत डॅम्डने ध्वनिमुद्रित केले.

तरीही ब्रिटिश पंकला अमेरिकेची नक्कल म्हणणे चुकीचे ठरेल. डॉल्सच्या गीतांत शहरी रात्रींची मौज होती. बेकारी, राजघराणे, वर्गभेद हे विषय आणि ते मांडणारा ठसठशीत लंडनी उच्चार ही ब्रिटिशांची स्वतःची भर होती. स्लेड व टी. रेक्स या ब्रिटिश बँडांचे घरचे ग्लॅमही त्यांच्या कानांवर पडलेले होतेच.

हे ऋण मान्य करण्याची पद्धतही पंकलाच शोभणारी होती. सेक्स पिस्टल्सने १९७७ च्या अल्बममधील ‘न्यू यॉर्क’ या गाण्यात डॉल्सची खिल्ली उडवली. त्याला डॉल्सचा माजी गिटारवादक जॉनी थंडर्स याने १९७८ मध्ये ‘लंडन बॉइज’ या गाण्याने उत्तर दिले आणि त्या गाण्यात त्याला साथ दिली ती सेक्स पिस्टल्सच्याच स्टीव्ह जोन्स व ड्रमवादक पॉल कुक यांनी.