काळा फोम, गुलाबी फोम आणि सोलापूरची कोरडी हवा

लूमचं कंट्रोल कार्ड रिपेअरला पाठवायचं असलं की आपल्याकडं अजूनही बरेच जण ते थर्माकोलच्या दोन तुकड्यांत दाबतात, वरून सेलोटेप मारतात आणि देतात पार्सलला. मग तिकडून फोन येतो की तुम्ही एक फॉल्ट सांगितला होता, इथं तीन निघाले, आणि सुरू होते वादावादी. थर्माकोल आणि सेलोटेप, दोन्ही स्टॅटिक, म्हणजे घासून साठणारी वीज, तयार करण्यात एक नंबर. यासाठी वेगळा फोम मिळतो, काळा नाहीतर गुलाबी, आणि दोन्ही एकच असं धरून लोक जो स्वस्त तो घेतात.

तसं बघितलं तर स्टॅटिक सोलापूरला नवीन नाही. 1877 ला इथली ‘जुनी मिल’ ही कापड गिरणी सुरू झाली त्या काळापासून सूत आणि कोरडी हवा यांचं वैर आहे. हवा कोरडी झाली की सुतावर स्टॅटिक साठतं, धागा तुटतो, तंतू उडतात, एकमेकांना चिकटतात, म्हणून तर मिलच्या खात्यांत हवा मुद्दाम दमट ठेवायची पद्धत आली. कापूस आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओल धरून ठेवतो, पॉलिस्टर जेमतेम 0.4 टक्के, त्यामुळं पॉलिस्टर आल्यावर हा त्रास अजून वाढला.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना मात्र हे दुखणं उशिरा कळलं. जुन्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हला स्टॅटिकनं काही होत नसे, सुरुवातीचे ट्रान्झिस्टरही बऱ्यापैकी सोसायचे. 1959 ला बेल लॅब्जमधे अटाला आणि कांग यांनी मॉसफेट हा नव्या प्रकारचा ट्रान्झिस्टर बनवला आणि गणित बदललं. त्याच्या गेटखाली, म्हणजे करंट चालू-बंद करणाऱ्या टोकाखाली, सिलिकॉन डायऑक्साइडचा इतका पातळ थर असतो की शंभर-एक व्होल्टलाही तो फुटू शकतो, आणि माणसाला हाताला चटका जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात. म्हणजे तुम्हाला कळतसुद्धा नाही आणि तुमच्या बोटानं पार्ट मेलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे अर्धमेला होतो, टेस्टिंगला पास होतो आणि दोन महिन्यांनी दगा देतो.

सुरुवातीचे काही मॉसफेट यायचे ते पायांभोवती बारीक धातूची रिंग घालून, म्हणजे सगळे पाय एकमेकांना शॉर्ट, सोल्डरिंग झालं की रिंग काढायची. डोकं चांगलं होतं, पण 1968 ला आरसीए कंपनीची सीमॉस 4000 सिरीज आली, एकेका आयसीत (चिपमधे) अनेक मॉसफेट, तिच्या चौदा-सोळा पायांच्या आयसीला अशी रिंग कुठं घालत बसणार? तिथं काळा फोम कामाला आला. साध्या फोममधे टायरमधे असतो तोच कार्बन ब्लॅक मिसळला की फोममधून करंट वाहतो, त्यात आयसीचे पाय खुपसले की सगळे एकाच पातळीवर, कुणाच्यात व्होल्टेजचा फरकच राहत नाही. रिंगचंच काम, फक्त फोमनं केलेलं.

गुलाबी फोमची गोष्ट एकदम वेगळी आहे. त्यात कार्बन नसतो, एक केमिकल असतं जे हळूहळू पृष्ठभागावर येतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि त्या ओलीच्या पातळ थरामुळं चार्ज साठत नाही. थोडक्यात हा फोम हवेच्या भरवशावर चालतो, आणि आपल्याकडं एप्रिल-मेच्या दुपारी ओल असते नावालाच. 1980 ला अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं या विषयावर हँडबुक काढलं, त्यातले आकडे बघा: गालिच्यावर चालल्यावर दमट हवेत 1,500 व्होल्ट, कोरड्या हवेत 35,000. शिवाय ते केमिकल काही वर्षांत संपतं, रंग मात्र तसाच राहतो, आणि जुना फोम बघून कुणाला शंका येत नाही.

त्याच सुमारास हा विषय पद्धतशीर झाला, 1979 ला पहिली परिषद, 1982 ला ईएसडी (म्हणजे स्टॅटिकचा झटका) असोसिएशन, 1999 ला तिचं एस20.20 हे स्टॅटिकपासून पार्ट सांभाळायचं स्टँडर्ड. तोवर काळ्या फोमच्या खोडीही कळल्या होत्या. चार्ज झालेला पार्ट फार चांगल्या कंडक्टरला टेकला की चार्ज झटक्यात निघतो आणि तो झटकाच पार्टला मारतो, म्हणून चार्ज सावकाश सोडणारे मधले फोम आले. बॅटरी असलेला बोर्ड काळ्या फोमवर ठेवला तर सेल उतरतो. आणि पॉलियुरेथेनचा स्वस्त काळा फोम वर्षानुवर्षं पडून राहिला तर चिकट होऊन भुगा होतो, आयसी उपसली तर पाय गंजलेले निघतात.

माझं मत विचाराल तर सोलापुरातून उन्हाळ्यात कार्ड पाठवताना फक्त गुलाबी फोमवर विसंबू नये. आधी चंदेरी शिल्डिंग पिशवी, कारण बाहेरचं विजेचं फील्ड ती अडवते, उघडा फोम अडवत नाही, मग धक्क्यासाठी बाहेरून फोम. सुट्या आयसीला काळाच बरा.

फक्त काळा रंग दिलेला साधा फोमही ईएसडी म्हणून खपवतात. मल्टिमीटर रेझिस्टन्सवर लावा, दोन्ही प्रोब बोटभर अंतरावर फोममधे खुपसा, खरा असेल तर किलोओहममधे काहीतरी दाखवेल, नुसता रंग असेल तर ओपन, म्हणजे करंट जातच नाही. गुलाबीवर हा प्रयोग करू नका, त्याचा रेझिस्टन्स इतका जास्त असतो की साधं मीटर चांगल्या फोमलाही ओपनच दाखवतं.