क्लिंकर आणि कार्व्हेल: गळती सारखीच, इलाज उलटे

आयर्लंडमधल्या डब्लिनजवळच्या समुद्रात शंभरी ओलांडलेल्या आराखड्यांच्या दोन प्रकारच्या लाकडी शिडाच्या होड्या आजही शर्यतीला उतरतात. 'वॉटर वॅग'चा सध्याचा आराखडा १९०० सालचा, लांबी १४ फूट ३ इंच. 'हाउथ सेव्हन्टीन' १८९८ ची, हर्बर्ट बॉइड यांनी आखलेली. दोन्ही जुन्या, दोन्ही मोजक्याच, त्यामुळे एकीच्या देखभालीचा सल्ला दुसरीलाही चालेल असं वाटतं. पण वॅगची बांधणी क्लिंकर आणि हाउथची कार्व्हेल. एकीचं औषध दुसरीला दिलं तर होडी हातची जाते.

क्लिंकरमध्ये वरच्या फळीची खालची कड खालच्या फळीवर बाहेरून चढते, छपरावर कौलं चढतात तशी. या दुपदरी पट्ट्यातून तांब्याचे खिळे आरपार ठोकतात, आतल्या टोकावर तांब्याची छोटी चकती सरकवतात, जास्तीचं टोक छाटतात आणि उरलेलं ठोकून चकतीवर पसरवतात. सांध्यात भरलेलं काही नसतं. लाकडावर लाकूड नीट बसलेलं आहे आणि पाण्याने फुगून ते आणखी आवळतं, इतक्याच भरवशावर होडी तरते. आधी फळ्यांचं कवच तयार होतं, वाफवलेल्या बारीक फासळ्या नंतर आत वाकवून बसवतात. ताकद कवचात असल्यामुळे फळी पातळ चालते. उत्तर युरोपातली ही रीत व्हायकिंगांच्याही आधीची. नॉर्डिक देशांतल्या या परंपरेची २०२१ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. (ओडिशाच्या 'पाटिया' होड्यांतही फळीवर फळी येते, पण उलटी: खालच्या फळीची कड बाहेर. कोकणातल्या माणसाला दोन्ही प्रकार नवलाचेच वाटतील.)

कार्व्हेलमध्ये साधारणपणे आधी सांगाडा उभा राहतो आणि त्यावर फळ्या कडेला कड भिडवून बसतात. बाहेरून सगळं गुळगुळीत. सांधा बाहेरच्या अंगाला मुद्दाम किंचित उघडा ठेवलेला असतो. त्यात कापसाची वात बोथट छिन्नीने ठासायची, त्यावर रंगाचा हात द्यायचा आणि वर पुट्टी भरायची. हा कापूस पाणी तर अडवतोच, शिवाय फळ्यांना एकमेकींवर दाबून धरतो. होडीचा ताठपणा थोडाफार त्याच्यावरही अवलंबून असतो.

आता गळती. कार्व्हेल गळू लागली की जुनी पुट्टी खरवडून सडका कापूस काढायचा आणि नवा भरायचा. हे ऐकलेला माणूस क्लिंकरच्या सांध्यातही सीलंट किंवा इपॉक्सी कोंबतो, आणि पहिले काही दिवस ते लागूही पडतं. खरा घात तिथेच आहे. होडी पाण्यात गेली की फळ्या फुगतात, मधल्या भरावामुळे त्यांना सरकायला जागा उरत नाही, मग त्या एकमेकींपासून दूर ढकलल्या जातात, खिळे ओढले जातात आणि फासळ्या तडकतात. पुढच्या हंगामात गळती वाढलेली दिसते, की मालक आणखी सीलंट आणतो.

क्लिंकरला हवं असतं ते खिळे पुन्हा आवळणं. एकाने बाहेरून खिळ्याच्या डोक्याला जड लोखंड टेकवून धरायचं, दुसऱ्याने आतून हलक्या हाताने ठोकायचं. काम कंटाळवाणं, पण खर्च जवळपास शून्य. मोडलेल्या फासळीशेजारी नवी वाकवून बसवता येते.

कार्व्हेललाही अतिरेक सोसत नाही. कोरड्या पडलेल्या होडीत कापूस जोर लावून ठासला किंवा फटीत कडक भराव घातला, तर फुगणाऱ्या फळ्यांच्या कडा चिरडतात किंवा फासळ्या मोडतात. म्हणून महिनोन्‌महिने शेडमध्ये वाळलेल्या होडीची फट बघून लगेच हत्यार उचलू नये, मग ती कुठल्याही बांधणीची असो. ओली पोती पसरून ठेवावी, पाण्यात उतरवल्यावर एक-दोन दिवस पंप हाताशी ठेवावा; बऱ्याच फटी आपसूक मिटतात. फक्त ट्रेलरवर उभ्या होडीत पाणी भरून ठेवायचा शहाणपणा करू नये. फळ्यांना बाहेरून पाण्याचा दाब पेलायची सवय असते, आतून शेकडो किलोंचा भार नव्हे.

घासकामात कार्व्हेल सोपी: लांब पट्टीवर सँडपेपर लावून सरळ हात मारायचा. क्लिंकरच्या प्रत्येक कडेला हाताने जावं लागतं. तिथे यंत्र फिरवलं तर धारदार कडा गोल होतात आणि पातळ फळी आणखी पातळ.

विकत घेताना होडीच्या आत डोकवा. बाहेरच्या रेषांवर जाऊ नका. फायबरग्लासच्या काही होड्यांच्या साच्यातच क्लिंकरच्या खोट्या पायऱ्या असतात, आणि आधुनिक प्लायवुडच्या क्लिंकरमध्ये फळ्या इपॉक्सीने चिकटवलेल्या असतात, त्यांना गळतीचे वरचे नियम लागू नाहीत. आत तांब्याच्या चकत्यांच्या रांगा दिसल्या तर ती बहुधा जुनी क्लिंकर. पण बाहेरच्या कडाही तपासा, कारण काही कार्व्हेल होड्यांतही तांब्याचे खिळे असेच पसरवलेले असतात. आणि कुणी जुन्या होडीवर फायबरग्लासचा थर चढवून 'आता गळत नाही' म्हणत असेल, तर त्या थराखाली ओल कोंडून लाकूड किती कुजलंय ते टोच्याने तपासल्याशिवाय पैशांची गोष्ट काढू नका.