मूल खडाखडा वाचतं, पण त्याला कळतं का?

अमेरिकेतल्या सरकारी शाळांत सुमारे ५० लाख मुलं इंग्रजी बोलायला आणि वाचायला एकदमच शिकत असतात. दहांत एक म्हणा ना. त्यांतल्या तीन चतुर्थांश मुलांच्या घरी स्पॅनिश बोलतात. टेक्सासात तर अशी इंग्रजी शिकणारी मुलं पाचांत एकाहून जास्तच आहेत. त्यांना वाचायला शिकवते ती बहुतेक ठिकाणी नेहमीचीच वर्गशिक्षिका. तिची तयारी कशी करायची, हा तिथल्या शिक्षणशास्त्रातला जुना आणि अवघड प्रश्न.

१९८६ साली फिलिप गफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. अक्षरांवरून शब्द उलगडता येणं गुणिले ती भाषा समजणं, म्हणजे वाचून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही भक्कम असो, हाती शून्यच. इंग्रजी घरातलं मूल शाळेत येतानाच भाषेची बाजू बरीचशी घेऊन येतं, त्यामुळे शिक्षिकेने अक्षरं आणि ध्वनी नीट शिकवले की गाडी चालते. स्पॅनिश घरातल्या मुलाचं तसं नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीच्या २००६च्या अहवालात हेच दिसलं: सुटे शब्द वाचण्यात ही मुलं बऱ्याचदा इतरांच्या बरोबरीला येतात, पण उताऱ्याचा अर्थ लावताना मागे पडतात.

एक वाक्य घ्या. 'द प्लांट विल डाय अनलेस यू वॉटर इट.' मुलाला रोप, मरणं, पाणी घालणं हे सगळे शब्द येतात. अडतं फक्त 'अनलेस'पाशी. तो शब्द सोडून अर्थ लावला तर पाणी घातल्याने रोप मरतं! वाचन मात्र एकही चूक न करता झालेलं असतं. मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले एवढंच मोजणाऱ्या शिक्षिकेला यातलं काहीच दिसणार नाही.

याच्या उलटही घडतं. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, म्हणून मूल 'शिप'ला 'शीप' म्हणतं. (आपल्याकडेही ऱ्हस्व-दीर्घाचा हा फरक बोलताना पुसटच असतो, आणि इंग्रजीतल्या दोन वेगळ्या ध्वनींसाठी आपण एकच 'व' वापरतो.) ही चूक वाचनाची की उच्चाराची? जहाज आणि मेंढी यांची चित्रं समोर ठेवा. छापलेला शब्द वाचून मुलाने जहाजावर बोट ठेवलं तर वाचन ठीक आहे. तिथे दर शब्दाला टोकत बसणं म्हणजे भलत्याच दुखण्यावर औषध.

हे ओळखायला शिक्षिकेला भाषेची घडण माहीत हवी, आणि घोडं तिथेच पेंड खातं. वाचनतज्ज्ञ लुइसा मोट्स यांनी १९९४ साली अनुभवी शिक्षकांची चाचणी घेतली, तेव्हा इंग्रजीच्या ध्वनिरचनेचं त्यांचं ज्ञान तोकडं निघालं. अशा चाचण्यांतला एक प्रश्न: 'बॉक्स'मध्ये ध्वनी किती? रोमन लिपीत अक्षरं तीन, म्हणून ध्वनीही तीनच असं वाटतं. खरे चार आहेत. देवनागरी लिहिणाऱ्याला 'क्स' फोडून दाखवावा लागत नाही, तिथे मात्र तो मुद्दाम शिकवावा लागतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या आर. मलतेश जोशी आणि सहकाऱ्यांनी तर शिक्षकांना घडवणारे प्राध्यापकच तपासले आणि तिथेही हीच उणीव सापडली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

टेक्सासने २०२१पासून नव्या प्राथमिक शिक्षकांना वाचन-अध्यापनाची वेगळी परीक्षा सक्तीची केली. चांगलंच झालं. पण मला विचाराल तर खरी तयारी मुलाशेजारी बसूनच होते: त्याचं वाचन ऐकायचं, चुका टिपायच्या, मग तोच उतारा त्याला सांगायला लावायचा. जमलं तर त्याच्या घरच्या भाषेतसुद्धा.

घरच्या भाषेवरून आठवलं. तिथल्या शाळा प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता ते विचारतात. मुलावर 'इंग्रजी कच्चं' असं लेबल लागेल या धास्तीने तिथल्या मराठी पालकांनी मराठी लिहायला कचरण्याचं कारण नाही. २००६च्या त्याच अहवालानुसार, पहिल्या भाषेत आलेलं वाचन इंग्रजी वाचनाला मदतच करतं.