तंतू : नैसर्गिक आणि मानवनिर्मित

जुन्या सुती धोतरातला एक दोरा ओढून काढावा आणि चिमटीत धरून पिळाच्या उलट दिशेने फिरवावा. दोरा पोकळ होत जातो आणि हलके ताणले की तुटण्याऐवजी सुटतो. हाती राहतात ते इंचभर लांबीचे, केसाहून बारीक धागे. हेच तंतू. जाडीच्या निदान शंभरपट लांब, वाकवता येईल असा आणि ताण सोसणारा पदार्थ म्हणजे तंतू. कापसाच्या बाबतीत लांबी जाडीच्या हजारपटीहूनही जास्त भरते. तंतूंना पीळ दिला की सूत होते, सुताचे कापड होते, जाड पेड एकत्र वळले की दोर होतो. कापड मऊ की खरखरीत, बारीक की भरड, हे मागावर बसण्याआधीच बरेचसे ठरलेले असते. ते ठरवणाऱ्या गुणांत लांबी सर्वांत महत्त्वाची, आणि माणसाने तंतूंशी केलेल्या खटपटींचा बराच भाग या लांबीपायी झालेला आहे.

जॉर्जियातील झुझुआना गुहेत सापडलेले जवसाचे तंतू तीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे आहेत, आणि त्यांतल्या काहींना पीळ दिलेला व रंग चढवलेला दिसतो. शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधी माणूस रानातल्या जवसाचे दोर वळत होता. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे तांब्याच्या मण्यात अडकून राहिलेला कापसाचा धागा इसवी सनपूर्व सहाव्या सहस्रकातला आहे, तर मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा मिळाला. आपल्याकडचे पुरावेही असेच मण्यांनी जपले. नेवासे येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत पुरलेल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तिच्या दोऱ्यात रेशीम आणि कापूस असे दोन्ही तंतू ओळखता आले. पुणे जिल्ह्यातील चांदोलीच्या मण्यांत जवसाचा दोरा होता. कापड मातीत कुजून जाते. तांब्याच्या क्षारांनी मात्र मण्याच्या भोकातला बोटभर दोरा तीन हजार वर्षे टिकवला.

वनस्पतिज तंतूंपैकी खोडाच्या सालीतून निघणारे तंतू सर्वांत लांब आणि चिवट. जवस, ताग, अंबाडी ही त्यांतली परिचित नावे. अंबाडीची भाजी सगळ्यांना ठाऊक असते, तिचा वाख, म्हणजे सालीतून निघणारा तंतू, आता फार थोड्यांनी पाहिलेला असेल. पक्व झाडे कापून त्यांच्या पेंढ्या ओढ्याच्या डोहात किंवा तळ्यात दगडाखाली बुडवून ठेवतात. दोनेक आठवड्यांत जिवाणू सालीतला चिकट द्रव्यांश खाऊन टाकतात. पाण्याला उग्र दर्प येतो, आणि काडीवरून साल हाताने सरसर सुटू लागते. ती पाण्यावर आपटून धुतली की पिवळसर, चकचकीत वाख मोकळा होतो. घायपाताचा वाख पानातून निघतो, तोही दोरासाठीच. दावे, कासरा, म्होरकी, मोटेचा नाडा, चऱ्हाट हे सारे या वाखाचे, आणि ते वळण्याचे कसब महाराष्ट्रात प्रामुख्याने मातंग समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. पोळ्याला बैलांना नवी दावी लागत. शेतीचा निम्मा कारभार ज्या दोरावर चाले, तो वळणाऱ्याचे नाव इतिहासात कुठेच नोंदलेले नाही, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे. तागाचा मोठा व्यापार बंगालचा. क्रिमियाच्या युद्धामुळे रशियाकडून येणारे जवस व भांग यांचे तंतू अडले आणि स्कॉटलंडमधील डंडीच्या गिरण्या बंगालच्या तागाकडे वळल्या. १८५५ मध्ये कलकत्त्याजवळ रिश्रा येथे पहिली ताग गिरणी निघाली.

लोकरीचा तंतू केराटिनचा, म्हणजे नखे-केस ज्याचे असतात त्याच प्रथिनाचा. त्यावर खवले असतात; ओलाव्यात रगडले की ते एकमेकांत अडकतात आणि लोकर आवळून येते. न विणता केलेले जेन, म्हणजे दाबून घट्ट केलेले लोकरी कापड, याच गुणामुळे तयार होते. दख्खनी मेंढीची लोकर भरड असल्याने ती शालीच्या कामाची नाही. घोंगडीसाठी मात्र उत्तम. धनगरांच्या मेंढ्यांची लोकर कातून सनगर विणकर घोंगडी विणतात आणि तिला चिंचोक्याची खळ देतात.

सर्व नैसर्गिक तंतूंत अखंड असा एकच, रेशमाचा. तुतीवरची अळी खालच्या ओठाजवळच्या छिद्रातून द्रव सोडते, तो हवेत येताच घट्ट होतो आणि एका कोशात शेकडो मीटर, कधी हजाराहून अधिक मीटर सलग धागा गुंडाळला जातो. विदर्भात भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांत ऐन व अर्जुनाच्या झाडांवर टसरची अळी पाळतात. ढिवर कुटुंबांचा हा परंपरागत उद्योग. त्या कापडाला तिकडे कोसा म्हणतात.

कापसाची गोष्ट याच्या उलट. त्याचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेली एकच लांबट पेशी. बोंड मिटलेले असेपर्यंत ती नळीसारखी गोल व ओली असते. बोंड फुटून ऊन लागले की सुकते, चपटी होते आणि फितीसारखे वेढे घेते. या वेढ्यांमुळेच आखूड तंतू एकमेकांना धरून राहतात. बाजारात कापूस पारखणारा जाणकार अजूनही आधी बोंडातला पुंजका घेतो, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढतो, निघालेले तंतू पुन्हा एकावर एक ठेवून ओढतो. चार-पाच वेळा असे केले की तंतू समांतर होऊन छोटी झुपकेदार पट्टी तयार होते. तिच्या टोकांतले अंतर म्हणजे त्या कापसाच्या धाग्याची लांबी, आणि भाव बराचसा तिथेच ठरतो.

भारतातल्या बहुतेक देशी वाणांची लांबी वीस-बावीस मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. अमेरिकी कापूस पंचवीस ते तीसच्या घरात, इजिप्शियन पस्तीसच्या पुढे. पण आखूड तंतू म्हणजे हलका तंतू, हे हातांनी कधीच मान्य केले नव्हते. ढाक्याची मलमल तिथल्या देशी कापसाचीच होती. चातीवर कातणारी बाई पेळूतून, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळीतून, येणारा प्रत्येक तंतू बोटांना जाणवतो तसा सोडते. कुठे सैल द्यायचे, कुठे थांबायचे, हे तिला कळते. यंत्राच्या रुळांना ते कळत नाही. वेगाने ओढले की आखूड तंतूंचे सूत तुटते. मँचेस्टरची यंत्रे लांब तंतूंसाठी बांधली गेली, आणि मग जगभरच्या कापसाला त्या यंत्राच्या मापाने मोजले जाऊ लागले.

वऱ्हाडाने हे माप पुरते अनुभवले. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीत तिकडचा कापूस अडला, तेव्हा मुंबईच्या बाजारात भाव भडकले आणि वऱ्हाडची काळी जमीन पऱ्हाटीखाली, म्हणजे कापसाच्या झाडाखाली, गेली. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला तो कापसाच्या गाठींसाठी. १८७७ मध्ये नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. हिंगणघाटच्या कापसाचे नाव लांबीमुळे दूरवर होते. स्वातंत्र्याच्या वेळी देशातल्या कापसाच्या लागवडीत देशी वाणांचेच प्राबल्य होते. पुढे १९७० चा ‘एच-४’ संकर आणि २००२ नंतरचे बीटी यांनी जवळजवळ सगळे शेत अमेरिकी जातीच्या कापसाखाली आणले. देशी पऱ्हाटीचे मूळ खोल जाते, पावसाचा खंड ती सोसते, रस शोषणाऱ्या किडींना सहज बळी पडत नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला हवे होते ते गुण तिच्यात होते. गिरणीला हवी होती ती लांबी नव्हती. कोरडवाहू वऱ्हाडाच्या पुढच्या अडचणींचा विचार या निवडीकडे डोळेझाक करून करता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मानवनिर्मित तंतूंची सुरुवात रेशमाच्या अळीच्या अनुकरणातून झाली. फ्रान्सच्या शार्दोने यांनी १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजच्या धाग्याचे पेटंट घेतले. ते कापड पटकन पेट घेई. १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी व्हिस्कोजची कृती शोधली. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवतात, कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करतात, मधासारखा दाट द्रव होतो. तो बारीक छिद्रांच्या चकतीतून आम्लाच्या कुंडात सोडला की धागा बनतो. हाच रेयॉन. पदार्थ झाडाचाच, आकार मात्र माणसाने दिलेला. कार्बन डायसल्फाइडने मज्जातंतूंवर परिणाम होतो, आणि सुरुवातीच्या कारखान्यांतल्या कामगारांनी त्याची मोठी किंमत मोजली. भारतात १९५० मध्ये केरळातल्या पेरुंबावूरला रेयॉनचे उत्पादन सुरू झाले. कल्याणजवळच्या शहाड व मोहने इथल्या कारखान्यांनी तो भाग रेयॉनसाठी ओळखीचा केला.

पूर्ण कृत्रिम असा पहिला यशस्वी तंतू नायलॉन. ड्युपाँट कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटाने तो १९३५ मध्ये बनवला. १९४० मध्ये पायमोज्यांच्या रूपाने तो अमेरिकी दुकानांत आला आणि लगेच महायुद्धातल्या पॅराशूटांसाठी वळवला गेला. १९४१ मध्ये इंग्लंडच्या व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा तंतू काढला, तोच टेरिलीन. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला हा शब्द चांगला आठवतो. इस्त्री न लागणारा टेरिलीनचा शर्ट लग्नाच्या आहेरात मानाचा असे, मग पॉलिएस्टर आणि कापूस मिसळून केलेले टेरिकॉट आले. १९८२ मध्ये पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा मोठा कारखाना सुरू झाला, आणि भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर हा धागा सर्रास चढला.

टेरिकॉटसाठी जे करावे लागले ते मोठे विलक्षण आहे. पॉलिएस्टर हवे तेवढे अखंड काढता येते. पण ते कापसाबरोबर कातायचे तर कापसाच्या यंत्रावरच चढवायला हवे. म्हणून कारखान्यात अखंड धाग्यांचे जुडगे कापून त्याचे साधारण ३८ मिलिमीटरचे तुकडे करतात, कुरळेपणा देतात आणि रुईसारखे गाठीत बांधून सूतगिरणीला पाठवतात.

आज जगात तयार होणाऱ्या तंतूंपैकी निम्म्याहून अधिक वाटा एकट्या पॉलिएस्टरचा आहे. ते स्वस्त आहे, लवकर वाळते, कसर लागत नाही. मात्र घाम शोषत नाही आणि मातीत कुजत नाही. प्रत्येक धुण्यात त्याचे सूक्ष्म तुकडे पाण्याबरोबर नदीला जातात.

हातातले कापड कशाचे आहे हे पाहायचे तर त्यातला एक दोरा चिमट्यात धरून ज्योतीला लावावा. सूत कागदासारखे जळते आणि बोटांनी चोळली तर मऊ राख उरते. लोकर व रेशीम यांना जळक्या केसांचा वास येतो, ज्योत दूर केली की ती विझू लागतात. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते आणि टोकाला कडक काळा मणी धरते. टेरिकॉटच्या दोऱ्यात राख आणि मणी दोन्ही सापडतात.