चेंडू डब्यात गेला, म्हणजे ‘इन’ आलं?

दीड-पावणेदोन वर्षांचं मूल, समोर उघडा डबा. आई म्हणते, ‘पुट द बॉल इन द बॉक्स.’ चेंडू डब्यात पडतो, टाळ्या वाजतात आणि व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर येतो. टाळ्यांना माझी हरकत नाही. फक्त त्याच डब्याकडे बोट दाखवून एकदा ‘अंडर’ म्हणून बघा. चेंडू बहुतेक पुन्हा डब्यातच जाईल.

ईव्ह क्लार्क या भाषावैज्ञानिक बाईंनी १९७३ साली याच गोष्टीवर एक निबंध प्रसिद्ध केला. मला तो अजून जादूच्या प्रयोगासारखा वाटतो, फरक इतकाच की त्यात युक्तीही उघड करून दाखवली आहे. दीड ते पाच वर्षांच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना छोटी खेळणी देऊन ती कशात तरी, कशावर तरी, कशाखाली तरी ठेवायला सांगितली. सगळ्यात लहान मुलांचं ‘इन’ जवळजवळ नेहमी बरोबर आलं, ‘ऑन’ कधी बरोबर कधी चूक, आणि ‘अंडर’ जवळजवळ नेहमी चूक. आपण काय म्हटलं असतं? मुलं आधी ‘इन’ शिकतात, मग ‘ऑन’, शेवटी ‘अंडर’. झालं!

क्लार्कबाईंनी उत्तरांऐवजी चुका पाहिल्या. चुका वाटेल तशा झालेल्या नव्हत्या. मूल दोन नियमांनी चाललं होतं. समोरची वस्तू पोकळ असेल तर हातातलं तिच्यात टाकायचं. पोकळ नसेल, पण वर सपाट जागा असेल, तर त्या जागेवर ठेवायचं. सूचनेतला छोटा शब्द ऐकायची गरजच नाही.

आता हे दोन नियम घेऊन स्वतः परीक्षेला बसा. ‘इन’ची सूचना मुळात पोकळ वस्तूबद्दलच देता येते, तेव्हा पहिल्या नियमावर पैकीच्या पैकी गुण. ‘ऑन’ टेबलाबद्दल विचारलं तर दुसरा नियम तारून नेतो. आडव्या ठेवलेल्या खोक्याबद्दल विचारलं तर पहिला नियम आड येतो आणि खेळणं आत जातं. ‘अंडर’ला कुठलाच नियम मदत करत नाही, तिथे भोपळा. म्हणजे एकही शब्द न समजता हुबेहूब तोच निकाल! याहून गंमत म्हणजे, काहीही न सांगता ‘मी करतो तसं कर’ एवढ्यावर खेळ ठेवला, तरी सगळ्यात लहान मुलं पेल्याशेजारी ठेवलेली वस्तू बघून आपली वस्तू पेल्यातच टाकत. साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत शब्द या सवयीवर मात करू लागतो.

तेव्हा मुलाला शब्द कळला की नाही हे बालवाडीतल्या ताईंना तपासायचं असेल, तर वस्तूने उत्तर सुचवता कामा नये. एकच खोकं आडवं ठेवा आणि तिन्ही शब्द त्याच्याबद्दलच, क्रम बदलून विचारा. भिंतीवरच्या रंगीत तक्त्यापेक्षा हे खोकं जास्त खरं बोलतं.

मेंदू तल्लख करणाऱ्या फ्लॅशकार्डांबद्दल आणि मुलांना डोळे बांधूनही वाचता येईल असा दावा करणाऱ्या ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या वर्गांबद्दल एवढंच सांगतो: डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणारी मुलं नाकाच्या कडेने, पट्टीच्या खालून बघत असतात. ‘अंडर’चा तेवढा धडा मात्र तिथे पक्का होतो.

आपल्याकडे मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीत इंग्रजी आलं. सहा वर्षांच्या मुलाला आत-वर-खाली कधीच येत असतं. त्याची अडचण वेगळी आहे. अंगठी बोटात, चप्पल पायात, बांगड्या हातात, असं आपण म्हणतो, आणि इंग्रजीत या सगळ्यांना ‘ऑन’ लागतो. ‘रिंग इन फिंगर’ म्हणणारं मूल गोंधळलेलं नसतं. जग कापायची मराठी रेघ ते इंग्रजीत घेऊन गेलेलं असतं. कोरियन भाषेची रेघ तर तिसरीकडेच जाते. सूनजा चोई आणि मेलिसा बाउरमन यांनी १९९१ मध्ये दाखवलं की बोटात अंगठी घालणं आणि घट्ट म्यानात वस्तू खुपसणं या दोन्हींना तिथे एकच क्रियापद चालतं, ‘क्किदा’, कारण दोन्हीकडे घट्ट बसणं आहे. टोपलीत फळ टाकायला दुसरं क्रियापद. पुढे २००४ साली सुझन हेस्पॉस आणि एलिझाबेथ स्पेल्की यांना आढळलं की इंग्रजीभाषक घरांतल्या पाच महिन्यांच्या बाळांनाही हा घट्ट-सैल फरक जाणवतो, आणि मोठ्या इंग्रजीभाषकांचं मात्र त्याकडे लक्ष जात नाही. बाळ बऱ्याच रेघा जाणतं, भाषा त्यांतल्या काहींनाच शब्द देते.

खरा चकवा ‘बिहाइंड’ आणि ‘इन फ्रंट ऑफ’चा. ज्युडिथ जॉन्स्टन आणि डॅन स्लोबिन यांनी १९७९ मध्ये इंग्रजी, इटालियन, तुर्की आणि सर्बो-क्रोएशियन बोलणारी मुलं तपासली. चारही भाषांत आत-वर-खाली-शेजारी आधी, ‘मध्ये’ नंतर, आणि मागे-पुढे शेवटी. त्यातही मोटारीसारख्या वस्तूच्या मागेपुढे आधी जमतं, कारण मोटारीला तोंड असतं. झाडाला किंवा माठाला तोंड नाही. त्यांची पाठ कोणती, हे बघणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं, म्हणजे मुलाला दोन वस्तूंसोबत स्वतःचंही स्थान धरावं लागतं. टेबलावर माठ ठेवून बाई फळ्याकडे पाठ करून उभ्या राहतात आणि विचारतात, ‘व्हॉट इज बिहाइंड द पॉट?’ तेव्हा त्यांची मागची बाजू मुलांची पुढची असते. यावर स्वस्त उपाय आहे: बाईंनी येऊन मुलांच्या ओळीत, त्यांच्याच बाजूला बसावं आणि तिथून विचारावं.